वाटणी घराची करा, काचांची नको

आजोबांच्या मिळकतीची वाटणी झाली तेव्हा घर, दुकानाचा गाळा, शेताचा तुकडा यांवरून आमच्यात फारसं वाजलं नाही. अडलं ते काचांपाशी. आजोबांनी १९३१ साली मिरजेत फोटो स्टुडिओ काढला आणि पुढे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो चालवला. धंदा थांबला, पण काचेच्या निगेटिव्ह लाकडी खोक्यांतून तशाच राहिल्या. काका, आत्या, आम्ही, सगळ्यांचा हक्क सारखा. तेव्हा खोकी मोजा आणि सारखी वाटा, असं काहींचं म्हणणं पडलं. मी विरोध केला. वडिलोपार्जित फोटोंचा संग्रह वाटून घेतला की संपतो, असं माझं ठाम मत आहे, आणि ते केवळ भावनेपोटी नाही.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात आजोबांनी शाईनं नंबर घातला आहे. स्टुडिओच्या वहीत त्या नंबरापुढे तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, गल्ली, किती प्रती हव्यात आणि आगाऊ किती दिले, हे सगळं आहे. एका काचेवर काळ्या टोपीतला माणूस तंबोरा घेऊन बसलेला दिसतो. पाहणारा त्याला गवईच म्हणतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गाणं होणाऱ्या गावात दुसरं काय वाटणार? वही मात्र सांगते की तो सतारमेकर गल्लीतला कारागीर आहे आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला नवा तंबोरा दाखवण्यासाठी त्यानं हा फोटो काढून घेतला. ही नोंद नसती, तर आपण एका कारागिराला कायमचं गवई करून ठेवलं असतं. काच एका भावाकडे आणि वही दुसऱ्याकडे गेली, तर नेमकं हेच होतं.

कागदांच्या बाबतीत आपल्याला हे फार पूर्वी कळलं आहे. मिरजेच्याच शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. ते कागद घराघरांत विखुरले असते तर मागचं-पुढचं पत्र जुळवायचं कसं? आमच्या काचांवरचं बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीसमोर उभं राहिलेलं वऱ्हाड, खुर्चीवर बसलेले पुरुष आणि मागे उभ्या बायका, शाळेच्या गटात अनवाणी बसलेली पोरं, हेसुद्धा दप्तरच आहे. त्यात सरदार नाहीत, एवढाच फरक.

वहीचं मोल आम्हाला पुरानं पुन्हा दाखवलं. थोड्या काचा प्रती काढण्यासाठी चुलतभावानं सांगलीला नेल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं आणि तळमजल्यावरची ती खोकी बुडाली. काचेवरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो, सुटतो आणि त्याबरोबर चित्रही जातं. त्या काचा गेल्या. पण वही मिरजेत होती, म्हणून काय गेलं याची यादी तरी करता आली. यादीतली नावं घेऊन आम्ही जुन्या गिऱ्हाइकांची घरं शोधली. काहींच्या भिंतीवर, काहींच्या ट्रंकेत आजोबांनी दिलेली मूळ प्रत होती. त्यांनी आनंदानं ती स्कॅन करू दिली. आता त्या नंबरांपुढे रिकामी जागा नाही.

सांभाळण्याची रीत अवघड नाही, पण ती पाळावी लागते. काचा एकीवर एक आडव्या रचू नयेत, कडेवर उभ्या ठेवाव्यात. प्रत्येकीला आम्लरहित कागदाचं वेगळं पाकीट हवं. धरायचं ते फक्त कडांना. दमट हवेत जिलेटिनवर बुरशी धरते, म्हणून ओल येणारी भिंत आणि तळमजला टाळावा. आणि ओल्या फडक्यानं काच कधीही पुसू नये. जुने छायाचित्रकार निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं चेहरा दुरुस्त करत. हौसेनं पुसणारा आजोबांचा हातच पुसून टाकतो. स्कॅन जरूर करावं, मात्र काचेबरोबर पाकीट आणि वहीचं पानही करावं. नाहीतर संगणकात हजारो अनोळखी चेहरे साठतील, इतकंच.

जुने छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं १९८९ साली घेतल्या. हे फार चांगलं झालं. पण तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओसाठी दिल्लीहून कुणी येणार नाही. आपल्या जिल्ह्यातली वाचनालयं आणि महाविद्यालयांचे इतिहास विभाग हे काम करू शकतात. मूळ काचा घरच्यांकडेच राहू द्याव्यात. स्कॅन, वहीची प्रत आणि घरातल्या ज्येष्ठांनी सांगितलेली ओळख एवढं संस्थेनं जपावं. मूळ वस्तू सोडायला कुटुंबं बिचकतात, आणि ते चूक नाही. प्रत द्यायला बहुतेक जण तयार होतील.

हक्काचा प्रश्न उरतोच. आत्याचा वाटा खोटा नाही, काकांचाही नाही. आम्ही त्यावर असा तोडगा काढला: काचा आणि वही एकाच घरात, सगळं स्कॅन आणि वहीची झेरॉक्स प्रत्येकाकडे, कपाट-पाकिटांचा खर्च सर्वांचा, आणि एकट्यादुकट्या काचेची विक्री कुणीही करायची नाही. ज्याला आजोबांची आठवण म्हणून काही हवं, त्यानं छापील प्रत घ्यावी. हे तोंडी ठेवलं नाही. वाटणीपत्रात लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

ज्यांच्या घरी असा संग्रह आहे त्यांना माझं सांगणं आहे की वकिलाकडे जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. आत्या एकेक फोटो हातात घेऊन नावं सांगते, कोण कुणाची सून, कोणतं घर पाडलं, कुणी गाव सोडलं. वहीत नसलेलं पुष्कळ काही तिच्याकडे आहे. ते लिहून घेतल्यावरच वाटणीपत्राला हात घाला, आणि त्यात संग्रह अविभाज्य असल्याचं कलम पहिलं घाला. घर पुढेमागे पुन्हा बांधता येईल, जमीन विकत घेता येईल. फुटलेला संग्रह आणि न विचारलेली नावं मात्र कितीही पैसे मोजून परत मिळत नाहीत.