रुग्णाच्या खाटेशेजारचा माणूस एकटा का?

मार्च 2025 मध्ये पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात जुळ्यांची गर्भवती असलेल्या एका महिलेला दाखल करण्याआधी 10 लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. तिला दुसरीकडे न्यावे लागले. बाळे जन्मली, आई वाचली नाही. उपचार नाकारल्याचा आरोप रुग्णालयाने फेटाळला. पण लोकांचा संताप उसळला, चौकशा लागल्या आणि यापुढे तातडीच्या रुग्णांकडून अनामत घेणार नाही, असे त्याच रुग्णालयाला जाहीर करावे लागले. त्या कुटुंबाला राजकीय ओळख होती. ज्याची ओळख रेशन दुकानदाराच्या पुढे जात नाही, त्याने आपल्या बायकोसाठी कोणाचा दरवाजा ठोठवायचा?

हा प्रश्न मानपाड्यातल्या आपल्या वस्त्यांचाही आहे. मानपाडा घोडबंदर रोडवरचा असो की डोंबिवलीचा, खासगी रुग्णालयांच्या चकचकीत इमारती जवळच दिसतात. तरीही घरकाम करणारी, नाक्यावर कामासाठी उभी राहणारी, रिक्षा चालवणारी माणसे आजार वाढला की कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडेच वळतात. डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि कल्याणचे रुक्मिणीबाई ही पालिकेची रुग्णालये आहेत, पण तिथूनही गंभीर रुग्ण पुढे पाठवले जातात. याच कळव्यात ऑगस्ट 2023 मध्ये 24 तासांत 18 रुग्ण दगावले. सरकारने समिती नेमली, काही दिवस बातम्या आल्या आणि मग सगळे शांत झाले.

एवढ्या गर्दीत डॉक्टरला एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. मग आधीची औषधे सांगणे, रिपोर्ट जपणे, रक्त आणणे आणि ‘हे इंजेक्शन कशासाठी?’ असे विचारणे हे सगळे सोबतच्या माणसावर येते. लग्न झालेल्या रुग्णासोबत बहुतेक वेळा नवरा किंवा बायकोच असते. त्याच माणसाची रोजची मजुरी बुडते, मुले शेजाऱ्यांकडे राहतात आणि रात्र वॉर्डाबाहेरच्या फरशीवर जाते. अशा माणसाने कायदाही माहीत करून घ्यावा, ही अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते.

कायदा मात्र आहे. तातडीच्या रुग्णाला वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल 1996 मध्ये दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत असायला हव्यात. निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. राज्याच्या 2021 च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. मागणी केल्यावर उपचाराची कागदपत्रे 72 तासांत मिळायला हवीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो.

मग हे काउंटरवर का मिळत नाही? कारण तिथे हक्क मागावा लागतो, आणि मागणाऱ्याचे कपडे, भाषा, आडनाव आधी पाहिले जाते. बाई असेल तर आणखी एक पायरी वाढते. नवरा आजारी असताना बायकोने प्रश्न विचारला की ‘घरातल्या पुरुषाला बोलवा’ असे ऐकवले जाते. बायको आजारी असेल तर तिला न विचारता नवऱ्याची सही घेतली जाते. शुद्धीत असलेल्या सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी, दुसऱ्याची चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून बाजू मांडणाऱ्या जोडीदाराने आधी रुग्णाचे ऐकले पाहिजे.

धम्माने ही जबाबदारी फक्त घरावर टाकलेली नाही. अंगुत्तर निकायात आजारी नकुलपित्याला त्याची पत्नी नकुलमाता धीर देते. तुमच्यामागे मी सूत कातून मुलांना वाढवीन, काळजी मनात ठेवू नका, असे ती सांगते. हा जोडीदाराचा आधार झाला. पण विनयपिटकात आजारी भिक्खूला कोणी विचारत नाही, हे पाहून तथागत आनंदासह स्वतः त्याची शुश्रूषा करतात आणि संघाला एकमेकांची सेवा करायला बजावतात. हा संघाचा आधार झाला. आपण पहिली गोष्ट सांगतो, दुसरी विसरतो.

सगळा भार एकट्या जोडीदारावर पडला की दोषही त्याच्याच माथी येतो. डॉ. सविता आंबेडकर स्वतः डॉक्टर होत्या. एप्रिल 1948 पासून त्यांनी बाबासाहेबांचा आहार, औषधे सांभाळली. महापरिनिर्वाणानंतर त्यांच्यावरच संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज वर्षानुवर्षे थांबली नाही. डॉक्टर पत्नीची ही गत, तर आपल्या वस्तीतल्या बाईला ‘तूच नीट बघितलं नाहीस’ म्हणायला सासरच्यांना किती वेळ लागणार?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक विहाराने चार-पाच उपासक-उपासिकांचे रुग्णसोबती पथक तयार करावे. उत्पन्नाचे दाखले आणि रेशनकार्ड आजार येण्याआधीच तपासून घ्यावेत. जवळची धर्मादाय आणि योजनेतील रुग्णालये यांची यादी विहाराच्या फलकावर लावावी. कोणी दाखल झाले की पथकातल्या एकाने सोबत जावे, डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिहावे, नकार मिळाला तर तो लेखी मागावा. रात्रीची पाळी वाटून घ्यावी, म्हणजे ती बाई दोन तास झोपू शकेल.

जयंतीसाठी वर्गणी, मंडप आणि कामांची वाटणी आपण दरवर्षी चोख करतो. तीच शिस्त कळव्याच्या वॉर्डापर्यंत नेणे अवघड नाही. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही आमची विनंती.

जय भीम. नमो बुद्धाय.