सकाळी ऊन हवा, दुपारी गार

होसूर-सर्जापूर रस्त्याच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये जानेवारीत पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो. हौसेने जपलेली जुनी मारुती 800 किंवा प्रीमियर पद्मिनी अशा वेळी हटकून कुरकुरते. चोक आत सारला की इंजिन ठसकते, म्हणून पुष्कळजण चोक ओढूनच गाडी पुढे काढतात. पण जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते. पेट्रोल वाया जाते ते वेगळेच, पिस्टनच्या रिंगाही झिजतात.

असे का होते? हातावर पेट्रोलचा थेंब पडला की गार लागते, कारण वाफ होताना पेट्रोल उष्णता शोषून घेते. कार्बोरेटरच्या गळ्याशी हेच घडते. गार हवेत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. हवा दमट असेल, तर तिथे बर्फाचा पापुद्राही धरू शकतो.

उपाय जुनाच आहे. पूर्वी अनेक गाड्यांच्या एअर क्लीनरवर उन्हाळा-हिवाळ्यासाठी खटका असे. तुमच्या गाडीत तो नसेल, तर चांगल्या मेकॅनिककडून बसवून घेता येईल. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पातळ पत्र्याची टोपी बसवायची. तिच्यातून उष्णता सोसणारा लवचिक धातूचा पाइप एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत आणायचा. तिथे दोन वाटा करायच्या, एक ऊन हवेची, दुसरी बाहेरच्या हवेची. मध्ये एक झडप घालून ती चोकसारख्या केबलने डॅशबोर्डवरून फिरवायची. झडपेला स्प्रिंग हवी, म्हणजे केबल तुटली तरी गार हवेची वाट उघडी राहील.

काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. ऊन हवा फिल्टरच्या आधीच मिसळावी, नाहीतर धूळ थेट इंजिनात जाईल. मॅनिफोल्ड अतिशय तापतो, म्हणून त्याच्याजवळ रबर किंवा प्लॅस्टिक नको. पेट्रोलची नळी दूर असावी आणि कुठेही गळती नसावी. येथे हयगय केली तर आगीशी गाठ आहे. फिल्टरच्या तोंडाशी थर्मामीटर लावून पाहा. सुमारे 40 अंश पुरेत.

खरे महत्त्व आहे ते झडप फिरवण्याला. 15 अंशांची हवा 40 अंशांपर्यंत तापली की सुमारे 8 टक्के विरळ होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच असल्याने तिथली हवा आधीच विरळ! 24 एप्रिल 2016 रोजी या शहरात पारा 39.2 अंशांवर गेला होता. अशा दुपारी ऊन हवेची वाट उघडी राहिली, तर गाडीचा दम जातो, मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि चढावर इंजिन टकटकू लागते. म्हणून इंजिन तापले की झडप गार बाजूला करा. उन्हाळाभर ती तशीच राहू द्या. झडप बंद न होणारी ऊन हवेची नळी बसवण्यापेक्षा ती नसलेली बरी.

तुमची गाडी फ्युएल इंजेक्शनची असेल, तर या खटाटोपात पडू नका. तिचा सेन्सर हवेचे तापमान पाहून पेट्रोलचे प्रमाण स्वतःच ठरवतो. ‘अ‍ॅव्हरेज वाढेल’ असे कोणी कितीही सांगितले, तरी त्या पैशांत नवा एअर फिल्टर घ्या आणि टायरमधली हवा तपासून घ्या.