हावरी कॅश आणि आईच्या ओव्या

परवा घरच्या सर्व्हरवर आईच्या आवाजातल्या ओव्या चढवत होतो, तर शेजारचं व्हर्च्युअल मशीन मेमरीअभावी बंद! १६ जीबीतली निम्मी रॅम झेडएफएसच्या एआरसी कॅशने घेतलेली. गरज पडली की ती परत देते, पण दरवेळी वेळेत नाही. म्हणून माझं मत : मशीनवर इतर कामं असतील तर मर्यादा आपणच घालावी. मी ४ जीबी ठेवली (आकडा बाइटमध्ये द्यायचा, ४२९४९६७२९६). वाचन थोडं मंदावतं, डेटाला धक्का नाही.

पूल दोन डिस्कांच्या मिररचा आहे. एक गेली तरी ओव्या राहतील. पण चुकून पुसलं तर दोन्हीकडून जातं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे.

असो. ताई, तिसरी प्रत तुझ्याकडे पाठवतोय. कपाटात जपून ठेव.