बारीक आहात? तरीही पोटाचा घेर मोजा

‘‘तुला कसली शुगर होणार, तू तर किती बारीक!’’ आपल्या घरांमध्ये हे वाक्य अगदी सहज बोललं जातं. वजन आटोक्यात आहे म्हणजे डायबिटीस दूर आहे, असं समजून बारीक माणसं तपासणीही करून घेत नाहीत. पण भारतीय शरीराच्या बाबतीत वजनकाटा अर्धीच गोष्ट सांगतो.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन, २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

याची सुरुवात जन्माआधीच होते. पुण्याजवळच्या ६ गावांमध्ये १९९३ पासून गर्भवती महिलांचा अभ्यास झाला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायूही कमी होते, पण चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या, त्यांच्या बाळांचं वजन चांगलं होतं. म्हणून घरात कुणी गर्भवती असेल तर तिच्या ताटाकडे आधी लक्ष द्या.

जेवणातून मिळणारी साखर मोठ्या प्रमाणात स्नायू वापरतात. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असेल, तर इन्सुलिनचं काम अवघड होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्याकडे ११.४ टक्के प्रौढांना डायबिटीस आहे आणि आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

घेर असा मोजा

शिवणकामाची टेप घ्या. सरळ उभं राहा, श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळा. पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आणि महिलांचा ८० सेंटीमीटरच्या आत असावा. पॅन्टच्या मापावर विसंबू नका, कारण पॅन्ट बऱ्याचदा पोटाच्या खाली बांधली जाते.

शतपावली पुन्हा सुरू करा

जेवल्यावर शतपावली करायला आजी सांगायची, त्याला आता संशोधनाचाही आधार आहे. न्यूझीलंडमध्ये टाइप २ डायबिटीसच्या ४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदाच ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. बाहेर जाणं जमत नसेल, तर गच्चीवर किंवा अंगणात फेऱ्या मारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्नायू वाढवायला चालण्याच्या जोडीला आठवड्यातून २ दिवस ताकदीचे व्यायाम हवेत. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठा-बसा, भिंतीला हात टेकून दंड काढा. जिमची गरज नाही.

ताटात थोडा बदल

आम्हा छत्तीसगडच्या लोकांचं भाताशिवाय पान हलत नाही. भात सोडू नका, एक वाढ कमी घ्या आणि ती जागा डाळ, उसळ, दही किंवा अंड्याने भरा. इथे गुढियारीच्या बाजारात लाल भाजी, पालक, मुनग्याच्या शेंगा मिळतात. यातलं काहीतरी रोज ताटात असू द्या.

तपासणी टाळू नका

वय ३० झालं की रक्तातली साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये ही तपासणी मोफत होते. आईवडिलांना डायबिटीस असेल किंवा गर्भारपणात साखर वाढली असेल, तर त्याआधीच डॉक्टरांना भेटा.

छत्तीसगड आणि विदर्भातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना ते नक्की सांगा. अशा व्यक्तींच्या बाबतीत ३ महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी फसवी येऊ शकते. मग डॉक्टर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहून निर्णय घेतात.

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांना १० मिनिटं फिरायला घेऊन जा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी सगळ्यांचा घेर मोजा, बारीक माणसांचाही!