पाड्याचं नाव कोण लिहिणार?



साथ आली की पहिला प्रश्न असतो, पेशंट कुठला? सुरगाणा-पेठहून वणी-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत कामाला आलेली बाई मळेवाल्याचं नाव सांगते. तिची झोपडी हंगामापुरती. ती इथल्या यादीत नाही, नकाशात तर नाहीच. मग त्या झोपड्यांना पाणी कुठून येतं हे शोधण्यातच दिवस जातात.

गिनी देशात गेकेडूला २०१४ च्या मार्चमध्ये इबोला पसरला तेव्हा हीच अडचण होती. डॉक्टरांकडे धड नकाशा नव्हता. देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घरं आणि रस्ते संगणकावर रेखले, तेही 'ओपनस्ट्रीटमॅप' या सर्वांना खुल्या नकाशावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेडक्रॉस, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' वगैरे संस्थांनी मिळून 'मिसिंग मॅप्स' सुरू केलं. असं काम आपल्या भागातही व्हावं असं मला वाटतं.

पण आकाशातून छप्पर दिसतं, पाड्याचं नाव दिसत नाही. कोणती विहीर मार्चमध्ये आटते, मग बायका कुठल्या झऱ्यावर जातात, पावसात कोणती वाट बंद होते, हे हंडा वाहणारीलाच ठाऊक. 'मिसिंग मॅप्स'च्या पद्धतीतही नावं नंतर तिथली माणसंच भरतात. इथे ते कोण करणार? आशाताईच! शासन तिला आधीच 'स्वयंसेविका' म्हणतं, म्हणजे पगार नको, कर्मचाऱ्याचा दर्जा नको. लंडनमधला स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी हौसेनं तासभर बसतो, ते वेगळं. हिचा दिवस मोडतो. त्या दिवसाचा मोबदला आधी ठरला पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले. तिथल्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनी तेव्हा वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. २०२० मध्ये करोना रुग्णांच्या दारांवर कागद चिकटवले गेले. शेवटी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे कागद लावायचे नाहीत.

खुला नकाशा सगळं जग बघतं, मुकादमही बघतो. म्हणून त्यावर विहीर, हापसा, वाट, पाडा एवढंच जावं. कोणाला कसला आजार, कोणती बाई एकटी राहते, हे तिथे नको. रुग्णांची यादी दवाखान्यातच राहावी.

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की गटातल्या दोघीतिघींनी आशाताईंबरोबर बसून पाणवठ्यांची यादी करावी आणि ती ग्रामसभेत वाचावी. मळ्यांवरच्या बायकांना मात्र संध्याकाळीच गाठावं लागेल, दिवसा त्या सापडत नाहीत.