आमची येसकरपाळी अजून संपली नाही

गेल्या महिन्यात मी सिक्युरिटी गार्डच्या नोकरीसाठी मुलाखत देऊन आलो. बी. ए. झालेला माणूस त्या रांगेत काय करत होता म्हणून हसू नका. माझ्यापुढं एक एम. कॉम. उभा होता. माझ्यामागं साठी उलटलेला एक बाबा होता, गिरणी गेली तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या गेटवर उभा असलेला. तिघांच्या हातात एकच फॉर्म.

एजन्सीची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. खाली भिंतीवर कागद चिकटवलेला : गार्ड पाहिजेत, ताबडतोब, दहावी पास-नापास. फॉर्मवर नाव, बापाचं नाव, गाव, उंची, छाती, दोन हमीदार. त्याखाली एक रकाना : जात. आणि त्याखाली : पोलीस केस आहे काय?

या धंद्याला कायदा आहे. २००५ सालचा, खाजगी सुरक्षा एजन्सींचा. त्याखाली केंद्रानं २००६ साली नमुना नियम काढले. पुरुष गार्डची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८०, फुगवून आणखी ४. एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे. १०० तास वर्गात शिक्षण आणि ६० तास मैदानावर. आग लागली तर काय करायचं, गर्दी कशी आवरायची, ओळखपत्र कसं तपासायचं, हे सगळं शिकवायचं. कागदावर झकास आहे. मला कुणी पळवलं नाही. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ होती, तिच्याखाली उभं केलं. डोकं रेघेच्या वर गेलं, झाली उंची. मग शिक्षण. टाचा जुळव, छाती काढ, सलाम ठोक. गाडी आली की सलाम. मॅडम दिसली की सलाम. एकशेसाठ तासांचं शिक्षण दोन मिनिटांत आटोपलं.

मग आतल्या खोलीत बोलावलं. साहेबानं फॉर्म बघितला. जातीचा रकाना मी कोरा सोडला होता.

"आडनाव हेच?"

"हो."

"गाव?"

"सातारा जिल्ह्यात." नाव सांगितलं.

"गावात घर कुठं? आळीत का बाहेर?"

कळलं का, दोस्त हो? जातीचा रकाना कोरा सोडून काही होत नाही. तो रकाना गावाच्या नकाशावर भरलेलाच असतो. मी म्हणलो, "बाहेर."

"म्हणजे जयभीमवाले."

"हो. जयभीम."

"तसं आपण काही मानत नाही," साहेब म्हणाला. ज्याला मानायचं असतं तो नेहमी याच वाक्यानं सुरुवात करतो. "पण साइट बघून माणूस द्यावा लागतो. काही सोसायट्यांत खाली मंदिर असतं. संध्याकाळी दिवा गार्डलाच लावावा लागतो. नंतर कटकट नको."

म्हणजे लाखालाखाचा माल, गाड्या, पोरंबाळं, चाव्या माझ्या भरवशावर टाकायला हरकत नाही. दिव्याच्या वातीला माझा हात लागता कामा नये.

मग तो शेवटच्या रकान्यावर आला. पोलीस केस. तिथं मी खरं लिहिलं होतं : आहे.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला विजयस्तंभाला वंदन करायला गेलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. आम्ही नाक्यावर घोषणा देत उभे होतो. संध्याकाळी वस्तीतून पोरं उचलली, त्यात मी. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. आज माझी दाढी पिकायला लागली, तारखा पडतायत.

२००५ चा कायदा सांगतो की गार्ड ठेवताना त्याचं चारित्र्य आणि पूर्वेतिहास तपासा. तपासा ना! आमचाच पूर्वेतिहास तर तिथल्या स्तंभावर कोरलाय. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं तिथं दगडात आहेत. ज्यांनी ती कोरली त्याच इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ठरवलं की महार ही लढाऊ जात नाही, आणि भरती बंद केली. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, १९१७ ला १११ महार पलटण उभी केली. युद्ध सरलं, १९२१ ला पलटण मोडली. दुसरं महायुद्ध आलं, १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की विश्वासू, गरज सरली की नालायक. आता त्याच स्तंभाच्या नावानं घोषणा दिली म्हणून माझं चारित्र्य संशयास्पद.

मला वाटलं, आता हाकलणार. पण नाही. साहेब हुशार होता. त्यानं फॉर्म बाजूला सारला आणि म्हणाला, "केस आहे, रोलवर घेता येणार नाही. पण गडी धट्टाकट्टा आहेस. बिनकागदी ये. बारा तास. पीएफ नाही, सुट्टी नाही. ड्रेसचे पैसे पहिल्या पगारातून कापू. रिलीव्हर नाही आला तर चोवीस तास उभं राहायचं. आणि तू आजारी पडलास तर घरचा कुणीतरी पाठव. भाऊ आहे ना?"

भाऊ आहे ना!

दोस्त हो, ह्या तीन शब्दांवर मला माझा आज्जा आठवला.

माझा आज्जा येसकर होता. तुमच्यातल्या पुष्कळांचा असणार. गावाची वेस रात्री लावायची, पहाटे उघडायची. गावात कोण आलं, कोण गेलं, ध्यानात ठेवायचं. हातात घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी. चोराचा माग काढायचा. सरकारी अंमलदाराच्या घोड्यामागं पळायचं. कुणी मेलं तर पावण्यांना सांगावा घेऊन मैलोन्‌मैल जायचं. शिवेचं भांडण लागलं तर महाराची साक्ष काढायची. म्हणजे गावाची हद्द आम्हाला माहीत, गावाचा दरवाजा आमच्या हातात, आणि आम्ही दरवाजाच्या बाहेर. मोबदला काय? वतनाचा जमिनीचा तुकडा, तोही भावाभावांत वाटून चिंधी झालेला, आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. तास ठरलेले नाहीत. हाक आली की हजर. आणि ज्याची येसकरपाळी तो घरी नसला तर त्याच्या घरातला कुणीही धरून न्यायचा. भाऊ आहे ना?

म्हणून बाबासाहेब महारवतनाच्या मुळावर उठले. १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. कामं ठरवून द्या, पगार ठरवून द्या, नको असेल त्याला वतन सोडायची मुभा द्या, असं साधं मागणं होतं. ते विधेयक पास झालं नाही. आपल्यातलेही काही जण वतनाला चिकटून बसले होते, जमीन जाईल म्हणून. वतनं खालसा करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. माझ्या आज्जानं घुंगराची काठी आढ्याला खोचली आणि पुन्हा काढली नाही.

माझा बाप मुंबईला आला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव नोंदवलं. १९८६ साली राखीव जागेवर एका सरकारी इस्पितळात रखवालदार म्हणून लागला. काम तेच, गेटवर उभं राहायचं. पण फरक बघा. हातात नेमणुकीचा कागद. आठ तासांची पाळी. आठवड्याला सुट्टी. पगारी रजा. बाप आजारी पडला तर मला कुणी बोलावलं नाही, बापाला औषध मिळालं. त्या पगारावर आम्ही तिघं भावंडं शिकलो. पेन्शनीवर आज घर चाललंय. तोच गेट, तोच दंडुका, पण बाप येसकर नव्हता. कामगार होता. माणसाला कामगार करणारी चीज म्हणजे तो कागद.

२०२० ला बाप रिटायर झाला. त्याची जागा भरली नाही. आज त्या गेटवर कंत्राटदाराचा माणूस उभा आहे. घटनेच्या १६(४) कलमानं सरकारी नोकरीत राखीव जागांची वाट उघडली. ते कलम कुणी खोडलं नाही. खोडायला गेले असते तर आपण रस्त्यावर आलो असतो, हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांनी कलम तसंच ठेवलं आणि कलमाखालची नोकरीच काढून घेतली. गेट सरकारचं, नोकरी कंत्राटदाराची. कंत्राटदाराला रोस्टर नाही. राखीव जागा चौकटीत लटकते आहे, आणि आतला माणूस आतल्या खोलीत विचारतोय : घर आळीत का बाहेर?

मी म्हणतो, कंत्राट हे नवं वतन आहे. तास नाहीत, तेच. मोबदला मालकाच्या मर्जीवर, तेच. एकाच्या जागी घरचा दुसरा, तेच. आज्जाच्या आणि माझ्या मध्ये माझा बाप एकटाच सुटला.

काही पांढरपेशे मित्र सांगतात, "अरे, कुठलंही काम हलकं नसतं." खरं आहे. मग तुमची पोरं या रांगेत का दिसत नाहीत? आम्ही राखण करण्याला हलकं म्हणत नाही. तुम्ही ज्या भावात ती घेता तो भाव हलका आहे.

आणि आपल्यांचंही सांगतो, लपवून काय फायदा? मुलाखतीहून परत आलो आणि वस्तीतल्या पुढाऱ्याकडं गेलो. फोटोखाली बसून सगळं ऐकलं त्यानं, मान हलवली. मग म्हणाला, "तिथं कशाला गेलास? आपल्या मेव्हण्याचीच एजन्सी आहे. लावतो तुला." मी विचारलं, तास किती? म्हणाला, बारा. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिलीला शिव्या देताना दमत नाही. दुसरीच्या एजन्सीत आपला मेव्हणा बसला की गप्प होतो. बाबासाहेब मजूरखात्याचे सभासद होते तेव्हाच १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. आणि त्यांच्या फोटोखाली बसून हा बारा तास म्हणतो!

मी साहेबाला एवढंच म्हणलो होतो, "हे जे बोललात ते कागदावर लिहून द्या." त्यानं मला दार दाखवलं. माझ्यापुढच्या एम. कॉम.नं नोकरी घेतली. मागच्या बाबानंही घेतली. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरात चूल पेटायची आहे त्याला नोकरी नाकार म्हणून सांगणारा मी कोण? माझ्या बापाची पेन्शन नसती तर मीही आज कुठल्यातरी गेटवर असतो. नोकरी घ्या. पण वतन घेऊ नका.

वतन न घेता नोकरी कशी घ्यायची, तर अशी. नेमणुकीचा कागद मागा. पहिल्या दिवशी नाही मिळाला तर दहाव्या दिवशी दहा जण मिळून मागा. हजेरी स्वतःच्या वहीत लिहा, येण्याची-जाण्याची वेळ घालून. पगार हातात नको, बँकेत मागा. जादा तासाला दुप्पट मजुरी हा हक्क आहे, बक्षिशी नाही. भावाला पाठवू नका. महाराष्ट्रात १९८१ पासून खाजगी सुरक्षा रक्षकांचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळ आहे. बोर्डाचा गार्ड आणि एजन्सीचा गार्ड एकाच नाक्यावर उभे असतात, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बघा, मग मी भाषण करायची गरज उरणार नाही. एजन्सीला मंडळातून सूट मिळाली असेल तर ती सूट कायद्यात फुकट नाही. मंडळाच्या गार्डपेक्षा कमी फायदे देऊन चालत नाहीत. विचारा, सूट कशावर मिळाली? आणि आपली मागणी एका ओळीत मांडा : जिथं गेट सरकारचं आहे तिथं नोकरी सरकारची पाहिजे, राखीव जागेसकट.

आमच्या वस्तीत मी मोजलं. आमच्या गल्लीतच एजन्सीचे अकरा गार्ड आहेत. अकरांपैकी नेमणुकीचा कागद दोघांकडं. बाकीचे नऊ रात्री बाहेर पडतात तेव्हा कागदावर ते कुठंच नसतात. उद्या गेटवर कुणी मेला तर एजन्सी म्हणेल, हा आमचा माणूसच नव्हे.

तर येत्या रविवारी सकाळी विहारात या. रातपाळी सुटली की तसेच ड्रेसवर या, झोप नंतर काढा. पगाराची चिठ्ठी असेल तर घेऊन या. नसेल तर नाही, हेच लिहून घेऊ. अकरा नावांचा एक अर्ज होतो. प्रत्येक गल्लीतून असा अर्ज आला तर मंडळाच्या दारात आपली रांग लागेल, आणि त्या रांगेत घर आळीत का बाहेर हे कुणी विचारणार नाही.

आज्जानं काठी आढ्याला खोचली होती. ती खाली काढायला मला सांगतायत. मी काढणार नाही. तुम्हीही काढू नका.

जय भीम.