जग सुधारायचे, पण कोठून?

पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरी येथे पेंच नदीचे पाणी अडविलेले आहे. त्याच्या वरच्या अंगाला, अरण्याच्या कुशीत, तोतलाडोहचा विस्तीर्ण जलाशय आहे; त्याची उपयुक्त साठवण सुमारे १,०१७ दशलक्ष घनमीटर. तोतलाडोहातून सुटलेले पाणी नवेगाव खैरीला येऊन विसावते आणि तेथून त्याला वाटा फुटतात. एक वाट नागपूर शहरातील नळांकडे जाते, दुसरी कालव्यांतून धानाच्या बांध्यांकडे आणि तिसरी वीजकेंद्रांकडे. एवढ्या मोठ्या शहराची तहान भागविणारे पाणी आपल्या तालुक्यातून जाते, याचा पारशिवनीकरांना अभिमान वाटावा, आणि आपल्याच शेताला मात्र त्याची वाट पाहावी लागते, याचे वैषम्यही वाटावे, अशी ही स्थिती आहे.

जुलै २०१९ मध्ये या सगळ्याच वाटा आटण्याची वेळ आली. तोतलाडोहातील उपयुक्त साठा संपला, मृत साठ्याला हात घालावा लागला आणि नागपूर महापालिकेवर शहरात एक दिवसाआड पाणी देण्याचा प्रसंग ओढवला. तेव्हा कारणांची चर्चा झाली, ती भरपूर झाली. कोणी म्हणाले, मध्य प्रदेशाने छिंदवाडा जिल्ह्यात चौराई येथे धरण बांधून पेंचचे पाणी वरच रोखले. कोणी पावसाला बोल लावला. कोणी महापालिकेच्या फुटक्या नलिकांकडे बोट दाखविले, कोणी वीजकेंद्रांकडे, तर कोणी धानाला पाणी मागणाऱ्या शेतकऱ्याकडे. यांतील एकही कारण खोटे नव्हते. परंतु बोट दाखविणाऱ्या त्या असंख्य हातांपैकी फारच थोडे स्वतःच्या घरातील नळाकडे वळले. पुढे त्याच हंगामात उशिराच्या पावसाने तोतलाडोह भरले आणि पाण्याबरोबर ती चर्चाही वाहून गेली.

एका तालुक्यातील आणि एका शहरातील ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, जग सुधारण्याच्या प्रत्येक प्रयत्नाची गाठ अखेर याच जागी पडते. दुःख सर्वांना दिसते. कारणांची यादीही पुष्कळांना करता येते. त्या यादीत स्वतःचे नाव घालण्याचे धैर्य मात्र विरळा. आत्मविकासाचा खरा अर्थ शोधावयाचा असेल तर तो या धैर्यापासून शोधावा लागेल.

समाजसुधारणेविषयी आपल्याकडे दोन मते पूर्वापार चालत आली आहेत. पहिले मत असे की, माणूस सुधारला म्हणजे समाज आपोआप सुधारतो. म्हणून प्रत्येकाने आपापले मन शुद्ध करावे, बाकीचे यथाकाल होईल. दुसरे मत असे की, माणूस परिस्थितीने घडतो; म्हणून कायदे बदला, मालकी बदला, व्यवस्था बदला, मने मागाहून बदलतील. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना विद्वानांचे पाठबळ आहे. पण या दोन्ही मतांचा व्यवहारात जो उपयोग होतो तो पाहण्यासारखा आहे. पहिले मत धरणारा गृहस्थ पहाटे ध्यानाला बसतो, सायंकाळी प्रवचनाला जातो आणि मधल्या वेळात मोलकरणीला किमान वेतनाहून कमी पैसे देतो. त्याच्या शांतीला त्यामुळे तडा जात नाही. दुसरे मत धरणारा गृहस्थ व्यासपीठावरून व्यवस्थेला हादरे देतो आणि घरी सुनेला बोलू देत नाही. एकाने जगाला मनाबाहेर ठेवलेले असते, दुसऱ्याने मनाला जगाबाहेर. दोघांचीही सोय होते. सुधारणा कोणाचीच होत नाही.

या वादाचे उत्तर ज्यांनी ग्रंथांत न शोधता आयुष्यातून दिले असे दोन पुरुष विदर्भाच्या भूमीशी कायमचे जोडले गेले आहेत. त्यांची वाट वेगळी, स्वभाव वेगळा, अनुयायीही वेगळे. पण दोघे विरुद्ध दिशांनी निघून एकाच ठिकाणी पोचले, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आरंभ केला तो व्यवस्थेपासून. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी मागितले ते दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. पुढे राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली तिच्या आचरणाला शिक्षा सांगणारा कायदाही झाला. कायद्याने जेवढे होण्यासारखे होते त्यातील फार मोठा भाग या एका माणसाच्या हयातीत आणि बव्हंशी त्याच्याच हातून झाला. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी इशारा दिला की, घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. ज्याने कायदा घडविला त्यालाच कायद्याची मर्यादा सर्वांत स्वच्छ दिसली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, मद्य पिणार नाही, अशा प्रतिज्ञाही त्यांत आहेत. आयुष्यभर हक्कांसाठी झुंजलेला हा पुरुष अखेरीस माणसाच्या अंतःकरणाकडे वळला. पण हक्क सोडून वळला नाही. धम्माच्या मुळाशीच दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याला मार्ग आहे, हा कार्यकारणाचा विचार आहे. मन शुद्ध करणे आणि मूळ शोधणे या तेथे दोन निराळ्या गोष्टी उरत नाहीत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज निघाले ते नेमके दुसऱ्या टोकाकडून. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेला हा मुलगा लहानपणीच भक्तीच्या ओढीने घराबाहेर पडला. पारशिवनीच्या शेजारच्या रामटेकच्या आणि सालबर्डीच्या रानांत तो हिंडला. असा माणूस रानातच राहता तरी लोकांनी त्याला संत म्हटले असते. पण तो गावात परतला. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, १९४२ च्या लढ्यात महाराजांना तुरुंगवास घडला आणि पुढे त्यांच्या हातून ग्रामगीता लिहिली गेली. मोक्षाची अपेक्षा धरून तो ग्रंथ उघडणाऱ्याला तेथे गावचे रस्ते भेटतात, सांडपाणी आणि आरोग्य भेटते, लग्नातील उधळपट्टी भेटते, व्यसने आणि भांडणे भेटतात. सामुदायिक प्रार्थनेत सारे गाव एका रांगेत बसविण्याचा त्यांचा आग्रह होता. आणि ज्या गावात जातवार वस्त्या आहेत तेथे एका रांगेत बसणे हीच एक क्रांती असते. ईश्वराचा शोध घेता घेता हा साधू गावच्या गटारापर्यंत आला. साधना खरी होती की नाही, याची याहून चांगली कसोटी कोणती?

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट निघते. आत्मविकास हा जगापासून मिळविलेला विसावा नव्हे. जगातील दुःखाचे मूळ न डगमगता पाहता यावे यासाठी मिळविलेले बळ म्हणजे आत्मविकास. मूळ पाहणे कठीण असते ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. ते खणत गेले की वाटेत आपला फायदा लागतो, आपली जात लागते, आपल्या घराण्याची जमीन लागते, आपल्या सवयी लागतात. तेथे कुदळ थांबते. ती थांबू नये एवढ्यासाठी मन मोठे व्हावयास हवे.

येथे एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. अंतःशुद्धीचा उपदेश बहुधा चुकीच्या माणसाला केला जातो. कर्जात बुडालेल्या कापूस उत्पादकाला मनःशांतीचे धडे दिले जातात. पिकाचा भाव, पतपुरवठा आणि पाणी यांचा निर्णय करणाऱ्यांना ते कोणी देत नाही. पेंचच्या जंगलालगत, कोलितमाऱ्याच्या बाजूला, उन्हाळ्यात माणसे पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला रानात शिरतात. ते रान वाघाचे. विदर्भात अशा वेळी वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात. मग शहरातील निसर्गप्रेमी म्हणतात, या लोकांनी जंगलात जाऊ नये, यांच्यात जागृती करावी. पण हातात दुसरे काम नसताना त्या हंगामाच्या चार पैशांवर ज्याचा पावसाळा अवलंबून आहे, त्याला जागृती करून काय सांगणार? वाघ त्याला शहरातल्या माणसापेक्षा अधिक ठाऊक आहे. येथे मूळ आहे ते रोजगारात, सरपणात आणि जनावरांच्या चाऱ्यात. आणि ज्यांना वाघ पाहावयास हवा आहे त्यांनी त्या व्याघ्रदर्शनाच्या उत्पन्नातील किती वाटा या गावांपर्यंत पोचू दिला, या प्रश्नात. आत्मपरीक्षण करावयाचे ते प्रथम त्याने, ज्याच्या हाती बदलण्याची शक्ती आहे. दुःखिताच्या माथी साधनेचे ओझे लादणे हा धर्म नव्हे. तो केवळ सुखवस्तूंचा सोयीचा धर्म आहे.

आणि मूळ शोधले म्हणजे उत्तर सापडत नाही, असेही नाही. नागपूरच्याच पाण्याचे उदाहरण घ्यावे. वीजकेंद्राला पाणी लागते आणि शहराला प्यायलाही पाणी लागते. दोघांनी पेंचवरच हक्क सांगितला तर भांडण अटळ. तेव्हा असा विचार झाला की, वीजकेंद्राला पिण्याचेच पाणी कशाला हवे? शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याची योजना झाली. भांडेवाडी येथे त्यासाठी दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. जे पाणी नाग नदीला नासवीत वाहत गेले असते ते कामी आले आणि तेवढे पेंचचे पाणी वाचले. यात प्रवचन कोठेही नाही. तरी त्याच्या मुळाशी एक मनोवृत्ती आहेच: हे पाणी घाण करणारे आम्हीच आहोत आणि ते निस्तरणेही आमचेच काम आहे, ही कबुली. ती कबुली सर्व शहराच्या अंगवळणी पडली असती तर घरोघरीची उधळण, चोरून घेतलेली नळजोडणी आणि बेहिशेबी पाणी हे प्रश्न केव्हाच हलके झाले असते. यंत्र बसविता येते. वृत्ती बसवावी लागत नाही, ती रुजवावी लागते, आणि रुजण्याला वेळ लागतो.

हा वेळ देण्याची तयारी आज कमी होत चालली आहे. मूळ काढण्याचे काम सावकाशीचे आणि अप्रसिद्ध असते. त्याचे उद्‌घाटन करता येत नाही. टंचाईत टँकर पाठविणाऱ्याचे छायाचित्र छापून येते. दहा वर्षे ओढ्याकाठी झाडे जगविणाऱ्याचे येत नाही. म्हणून राज्यकर्ते टँकर पाठवितात आणि लोक टँकरवाल्याला मत देतात. या व्यवहारात फसविणारा एक आणि फसणारा दुसरा असे नाही. दोघांचाही उतावळेपणा सारखाच आहे. तहानलेल्याला आज पाणी दिलेच पाहिजे, यात वाद नाही. पण जो दरवर्षी पाणी देतो आणि दरवर्षी तहान का लागते हे विचारीत नाही, त्याच्या दातृत्वाला अपुरे म्हणावे लागेल.

मग सामान्य माणसाने करावे काय? घटना लिहिणे किंवा आश्रम काढणे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. परंतु मुळाजवळची काही जागा प्रत्येकाच्या ताब्यात असते. तहसील कचेरीतील लिपिकाच्या मेजावर विधवेचा निराधार योजनेचा अर्ज तीन महिने पडून असेल, तर दारिद्र्याच्या अनेक मुळांपैकी एक त्या मेजावर आहे. तो अर्ज आज पुढे सरकविणे, त्रुटी असेल तर ती बाईला बसवून समजावून सांगणे, ही त्याची साधना. वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा सलग आठ दिवस गैरहजर असताना हजेरीत केवळ खूण करून मोकळे न होता तो कापूस वेचायला गेला आहे काय, याची चौकशी करणारा शिक्षक अज्ञानाच्या मुळाला हात घालीत असतो. विद्यार्थ्याने सभेत हुंड्याविरुद्ध भाषण द्यावे, अवश्य द्यावे. पण स्वतःच्या लग्नाची बोलणी चालू असताना वडिलांपुढे तेच वाक्य उच्चारता येते काय, याची परीक्षा कोणतेही विद्यापीठ घेत नाही. ती ज्याची त्याने घ्यावयाची असते.

ही कृत्ये लहान आहेत, त्यांनी जग बदलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. एकेकट्या कृत्याने जग बदलत नाही, हे खरेच आहे. परंतु ज्याने आपल्या मेजावरचे मूळ एकदा उपटले, तोच पुढे चार जणांसह मोठ्या मुळाला हात घालण्यास पात्र होतो; त्याच्या शब्दाला वजन येते, कारण त्या शब्दाची किंमत त्याने आधी स्वतः मोजलेली असते. हिशेब मागण्याचा अधिकार हिशेब देणाऱ्यालाच शोभतो. असे लोक एकत्र आले म्हणजे ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात, अंदाजपत्रके वाचली जातात आणि कायदे कागदावरून खाली उतरतात. व्यवस्था बदलते ती अशा माणसांच्या हातून; ज्यांना स्वतःविषयी कधी प्रश्नच पडला नाही त्यांनी बदललेली व्यवस्था काही काळात नवे धनी आणि जुने अन्याय घेऊन परत येते.

पेंचचे पाणी आज नळाला येत आहे. पावसाने पुन्हा ताण दिला म्हणजे तोतलाडोहाचा तळ पुन्हा दिसू लागेल आणि त्या वेळी बोटे पुन्हा उगारली जातील. बोट दाखविण्यास हरकत नाही. दोष असेल तेथे ते दाखविलेच पाहिजे आणि सत्तेला जाब विचारलाच पाहिजे. मात्र त्यापूर्वी घरातील गळका नळ बंद करून आलेला हात असावा, एवढीच अपेक्षा. त्या हाताने दाखविलेले बोट टाळून पुढे जाणे कोणत्याही सत्तेला सोपे जात नाही.